आत्या गेल्याचं पान

पुस्तकाचे गठ्ठे आले तेव्हा अश्विनची अर्धी दाढी झाली होती. पहिलं पुस्तक हातात घेतलेला फोटो काढायचाच, हे त्याचं केव्हाच ठरलेलं होतं. पुस्तक लिहून व्हायच्या आधी फोटोतला शर्ट ठरला होता. तो शर्ट आता बादलीत भिजत होता. म्हणून त्याने बनियनवर, दाढी झालेल्या बाजूने, पुस्तक छातीशी धरून फोटो काढून घेतला.

फोटो काढणारा रवी, म्हणजे त्याचा प्रकाशक. सातपूरच्या छापखान्यातून गठ्ठे उचलायचे, स्कूटरवर पायांत धरून पंचवटीत आणायचे, तीन जिने चढवायचे आणि वर लेखकाचा फोटोही काढायचा, हे सगळं एकच माणूस करतो अशी ती प्रकाशनसंस्था होती.

"हस की जरा," रवी म्हणाला. "पहिलं पुस्तक आलंय. तोंड असं केलंय जसं काही पंचनाम्याला बोलावलंय."

अश्विन हसला. पुढे कुणी विचारलं तर दात दुखत होता असं सांगता यावं, इतपत ते हसू आलं.

रवी गेल्यावर त्याने कडी लावली आणि पुस्तक नाकाशी नेलं. नव्या पुस्तकाचा वास घ्यायचा असतो हे त्याला ठाऊक होतं. शाईचा वास आला, डिंकाचा आला, आणि त्याच्या खाली अगदी बारीक उदबत्तीचा आला. छापखान्यात कुणी उदबत्ती लावली असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. ती पटली नाही.

पुस्तकाचं नाव 'आपली तक्रार नोंदवली आहे'. अश्विन एका गिझर कंपनीच्या तक्रार केंद्रात फोन घ्यायचा. सकाळी गरम पाणी आलं नाही की माणूस किती खरं बोलायला लागतो, हे त्याला इतकं जवळून कळलं होतं की त्याच्या विनोदी कथा झाल्या. कथा बऱ्या होत्या. पण त्याने पुस्तक उघडलं ते कथांवर नाही, सरळ पाचव्या पानावर.

'कै. शकुंतलाआत्या हिच्या स्मृतीस' असं वर होतं. खाली मजकूर होता, तो पान उलटून मागेही गेला होता. मजकूर सुंदर होता. पंचाईत हीच होती.

कारण शकूआत्या तिकडे दिंडोरीत होती, ठणठणीत होती, आणि या क्षणी बहुधा जेवणानंतरची बडीशेप चावत होती.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण कुणी आपल्या जित्याजागत्या आत्याला उगीच मारत नाही.

अश्विनचे वडील मनमाडला रेल्वेत. त्यांच्या ड्युटीमुळे घरात कोण कधी झोपणार आणि कोण कधी जेवणार याचा मेळच बसेना, म्हणून अश्विनची पाचवीपासूनची शाळा दिंडोरीला, आत्याच्या घरी राहून झाली. आत्या अंगणवाडीत शिकवायची. तिने त्याला वाढवलं, धोपटलं, इंग्रजीत नापास झाला तेव्हा मनमाडला कळू दिलं नाही. पुढे हा लिहितो असं घरात समजल्यावर बाकीच्यांनी विचारलं, "का?" आत्याने विचारलं, "मग माझं नाव कधी छापतोस?" पहिलं पुस्तक तुलाच, असा त्याने तिला शब्द दिला होता.

यंदा उन्हाळा लागला आणि आत्या गच्चीवर कुरडया राखत बसली. हातात काठी, डोक्यावर पदर. एक कावळा आला. कुरडयांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तो सरळ आत्याच्या डोक्यावर बसला. इकडे नाशकात रामकुंडावर लोक पिंड मांडून ताटकळतात, गेलेल्याला वाट्टेल ती वचनं देतात, पोरीचं लग्न करू म्हणतात, धाकट्याला सांभाळू म्हणतात, तरी कावळा आपला तारेवर बसून पिसं कोरत राहतो. आणि तिकडे हा असा, बोलावणं नसताना.

कावळा डोक्यावर बसला की मरण जवळ आलं असं मानतात. त्यावर उपायही ठरलेला आहे. माणूस गेला अशी खोटी बातमी नात्यात कळवायची. ज्याला कळवलं त्याने ती खरी समजून रडायचं. रडणं झालं की मरण येऊन गेलं असं धरतात, आणि मग थोड्या वेळाने खरं काय ते सांगून टाकतात. पूर्वी यासाठी गावोगाव माणूस धाडावा लागे. आता मोबाइलमुळे लवकर आटोपतं.

तेव्हा आत्याच्या सुनेने, मंजुषा वहिनीने, अश्विनला फोन केला. "भावजी, आई गेल्या," एवढंच म्हणाली आणि ठेवला. आणखी बोलली असती तर तिला हसू फुटलं असतं.

अश्विन उठला. दिंडोरीला निघायचं म्हणून पँट घालू लागला. एक पाय घातला आणि त्याला वाक्य सुचलं.

वाक्य इतकं चांगलं होतं की दुसरा पाय घालायच्या आत ते लिहून ठेवणं भाग होतं. त्याच्या मागून दुसरं आलं. मग एक पाय पँटमध्ये, एक बाहेर, असा तो टेबलाशी बसला आणि लिहीत सुटला. डोळ्यांत पाणी आलं नाही. येणार होतं, असं त्याला पुढेही वाटत राहिलं. पण नेमकं तेव्हाच एका ठिकाणी 'माया' घालावं की 'जिव्हाळा' हे ठरत नव्हतं.

लिहून झाल्यावर त्याने रवीला फोन लावला. पुस्तक छपाईला जायच्या बेतात होतं. अर्पणपत्रिकेच्या पानावर तोवर 'शकूआत्यास' एवढंच होतं, त्याजागी हे घालायचं होतं. त्याने कागदाचा फोटो पाठवला, रवीने तो लगेच वाचला. "अश्विन," तो म्हणाला, "अख्ख्या पुस्तकात इथेच माझा चहा गार झाला." मग शोक किती मोठ्या अक्षरात चांगला दिसेल, यावर दोघं बराच वेळ बोलत राहिले.

तेवढा सगळा वेळ तिकडून वहिनी खरं सांगायला फोन लावत होती आणि तो लागत नव्हता. अखेर लागला.

"भावजी, रागावू नका. आई बऱ्या आहेत. डोक्यावर कावळा बसला होता, म्हणून. तुमचा फोन केव्हाचा बिझी येतोय. सगळ्यांना कळवत बसला असाल ना? फार रडलात का?"

"देव पावला," अश्विन म्हणाला, आणि ते खरं होतं. पाठीवरचं पोतं उतरावं तसं त्याला झालं. पण पोत्याच्या तळाशी चिमूटभर काहीतरी राहिलंच. एवढं लिहिलेलं आता वाया जाणार.

दुपारी त्याने रवीला पुन्हा फोन केला. ते पान काढ, हे सांगायलाच केला होता.

"अजून मशीनवर चढलं नाही," रवी म्हणाला. "का रे, काही बदलायचंय?"

अश्विनने खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणाच्यातरी चादरी वाळत होत्या, त्यांच्याकडून काही मदत झाली नाही.

"नाही," तो म्हणाला. "चालू दे."

याला चूक म्हणता आलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण चुकीत माणसाला ठाऊक नसतं. त्याला ठाऊक होतं.

आणि आता गठ्ठे आले होते. प्रत्येक प्रतीत आत्या गेलेली होती. एखाद्या प्रतीत वाचली असेल म्हणून त्याने मधल्याच दोन-चार काढून पाहिल्या. छपाई एकसारखी झाली होती.

फोन वाजला. आत्याच होती.

"अश्विन, मंजुषाच्या मोबाइलवर तुझा फोटो आला. कुणी रवी म्हणून हाय त्यानं टाकलाय. अर्धी दाढी कुठं गेली तुझी?"

"अर्धी करायची राहिली होती, आत्या."

"असू दे. पुस्तक झ्याक दिसतंय. रविवारी घेऊन ये. शोकेसमधले ससे काढून ठेवलेत मी."

"कुठले ससे?"

"चिनी मातीचे. तू शाळेत होतास तवापासनं हायेत. आता तिथं पुस्तक राहील. आणि ऐक, बचत गटात सांगून बसलेय, माझं नाव छापलंय म्हणून. हाय ना रे?"

"आहे."

"पहिल्या पानावर?"

"पाचव्या."

"पाचव्या? आधीच्या चारवर कोण हाय?"

"कुणी नाही, आत्या. तिथं थोडं मोकळं सोडतात."

"मोकळंच होतं तर मला तिथं बसवायचं होतंस की," असं म्हणून आत्याने फोन ठेवला.

रविवारपर्यंत अश्विन तक्रार केंद्रात बसून लोकांचे गिझर ऐकत राहिला. एक आजोबा म्हणाले, "तुम्ही नुसतं सॉरी म्हणता, तुम्हाला वाईट वाटतंय असं वाटत नाही." अश्विनने हेडफोन काढला आणि पाणी प्यायला गेला.

शनिवारी त्याने उपाय केला. पान ब्लेडने कापलं तर आत्याचं नावच जातं. म्हणून त्याने झेरॉक्सच्या दुकानात चांगल्या कागदावर 'प्रिय शकूआत्यास' असं छापून घेतलं आणि पांढऱ्या गोंदाने पाचव्या पानावर चिकटवलं. मागच्या पानावर कोरा कागद लावला. रात्रभर पुस्तकावर गव्हाचा डबा ठेवला. सकाळी पान वाळलं होतं, पण तांदळाच्या पापडासारखं कडक आणि जाड झालं होतं, आणि पुस्तक आता मिटत नव्हतं. कुठेही ठेवलं की ते हळूहळू पाचव्या पानावर उघडायचं, आतून कुणी ढकलत असल्यासारखं.

दुसरी प्रत करायला वेळ नव्हता. त्याने पुस्तकाला रबर लावलं आणि मोटारसायकल काढली.

दिंडोरीला ज्ञानेशदादा, आत्याचा मुलगा, बागेवर गेला होता. घरात आत्या आणि मंजुषा वहिनी दोघीच. शोकेसचा मधला खण खरंच रिकामा होता. काचही पुसलेली होती. आत्याने आधी हात धुतले, पदराला पुसले, मग पुस्तक घेतलं. रबर काढल्याबरोबर ते आपणहून उघडलं.

"बघ, लगेच सापडलं," आत्या खूश होऊन म्हणाली. "'प्रिय शकूआत्यास.' मंजुषा, बघ गं." मग तिचा अंगठा पानावरून फिरला, आणि परत फिरला. "हे जाड काय लागतंय?"

"छापखान्याची चूक," अश्विन म्हणाला. बिचाऱ्या रवीचं नाव त्याने घेतलं नाही, एवढंच.

"चूक झाकलीय म्हणजे खाली काहीतरी असणार."

"नको आत्या, फाटेल."

"मी एवढी वर्षं पोरांच्या पाट्यापुस्तकातनं चिकटलेली पानं सोडवली. खाऊ सांडायचे त्यावर," असं म्हणत आत्या आत गेली. गॅसवर चहाचं पातेलं होतं. तिने पान वाफेवर धरलं, आणि उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसा अश्विनचा कागद अलगद निघून आला. मागचाही निघाला.

ती बाहेर येऊन खुर्चीत बसली, चष्मा लावला आणि वाचायला लागली. मनात वाचायची तिला सवय नव्हती. अंगणवाडीत वाचायची तसं ओळीखाली बोट धरून, मोठ्याने, प्रत्येक वाक्याला थांबून.

"'कै. शकुंतलाआत्या हिच्या स्मृतीस.'"

मंजुषा वहिनीच्या हातात चहाचा ट्रे होता. तो तिने टेबलावर ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"'आत्या भाकरी थापताना ओव्या म्हणायची.'" आत्याने मान वर केली. "कधी रे?"

"ते लिहिताना आलं."

"मला एक ओवी येत नाय. मी रेडिओ लावायचे. बाजारभाव सांगायचे त्याच्यावर." बोट पुढे सरकलं. "'तिच्या हातांना चुलीचा वास होता.'"

"गॅस होता की आपल्याकडे," वहिनी म्हणाली.

"असू दे गं, त्याला चूल लागत असंल. 'ती गेली, आणि दिंडोरीच्या वाटेवर सावली मागायला कुठलंच दार उरलं नाही.'"

इथे आत्या थांबली. हे वाक्य तिने पुन्हा वाचलं, या वेळी हळू. चष्मा काढला, पदराने पुसला.

"हे लय चांगलं हाय," ती म्हणाली.

धरणी दुभंगावी असं अश्विनला वाटलं. फरशी नवीन होती, तशीच राहिली.

शेवटपर्यंत वाचून झाल्यावर आत्याने पुस्तक मांडीवर ठेवलं. "म्हंजे हे कावळ्याच्या दिवशीचं."

"हो."

"मग मंजुषानं तुला खरं सांगितलं तवा छापून झालं असंल. तू तरी काय करणार."

वाट मोकळी होती. आत्याने स्वतःच दार उघडून धरलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं, चहा प्यायचा, आणि चिनी मातीच्या सशांबद्दल काहीतरी बोलायचं. अश्विनने कपाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"नाही," तो म्हणाला. "छापायचं होतं अजून. मला विचारलं होतं, काही बदलायचंय का म्हणून."

"मग?"

"चांगलं झालं होतं, आत्या. म्हणून राहू दिलं."

आत्याने पान एकदा अंगठ्याने सरळ केलं. वाफेने त्याला सुरकुत्या पडल्या होत्या. स्वयंपाकघरात काही उतू जात नव्हतं, तरी वहिनी बघायला गेली आणि परत आली.

"आणि रडलास का?" आत्याने विचारलं.

"रडले की," वहिनी मध्येच म्हणाली. "फोन किती वेळ लागत नव्हता यांचा. गळा काढून—"

"वहिनी, फोनवर छापखाना होता."

"तरीच," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. दुखण्याचं निदान झाल्यावर बोलतात तशी ती बोलली. "तवापासनं मिक्सर जळला, बोरचं पाणी आटलं, माझा गुडघा धरला. मी म्हणतेय, समदे तर रडले. तुझा बाप मनमाडला फलाटावर बसून रडला, पोलीस विचारायला आला त्याला. मग मागं राहिलं कोण? तू राहिलास."

"आत्या, मला आता खरंच रडायला येतंय."

"आता नको. आता रडलास तर ते पुस्तकासाठी होईल. त्याचा उपयोग नाय. बातमी आली म्हंजे रडायचं असतं." ती गुडघ्यावर हात टेकत उठली. "मंजुषा, मोबाइल घे. आत ये."

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. दार लागलं. अश्विन बाहेरच्या खोलीत एकटा राहिला. समोर शोकेसचा रिकामा खण, त्याच्या खाली जमिनीवर दोन ससे भिंतीला पाठ लावून बसलेले. ते त्याच्याकडे बघत होते. त्यांचे डोळे लाल रंगाने रंगवलेले होते, म्हणजे त्यांचं रडणं आधीच झालेलं दिसत होतं.

खिशात मोबाइल वाजला. पडद्यावर 'मंजुषा वहिनी'.

"हॅलो," अश्विन म्हणाला.

"भावजी," वहिनी म्हणाली. "आई गेल्या."

दारामागून आत्या हलक्या आवाजात म्हणाली, "नीट सांग गं. घाईघाईनं नको. खरं वाटलं पाहिजे."

"भावजी, आई गेल्या," वहिनी म्हणाली, आणि या खेपेला तिचा आवाज मध्येच चिरकला, कारण तिलाही ते कुठंतरी लागलं असावं.

अश्विनने डोळे मिटले. आत्या खरंच गेली असं त्याने डोळ्यांसमोर आणलं. ही खोली, ही खुर्ची, हे ससे, आणि आत कुणी नाही. आणि त्याच्या डोक्यात एक वाक्य आलं. 'आत्या गेल्याचा फोन आला, तेव्हा तिचा आवाज स्वयंपाकघरातून येत होता.'

वाक्य चांगलं होतं. आधीच्यापेक्षाही चांगलं होतं. अश्विनने डोळे उघडून पाहिलं तर फोन कानापासून खाली आला होता आणि त्याचा अंगठा पडद्यावरच्या टिपण लिहायच्या चौकोनाकडे निघाला होता. त्याला कुणी पाठवलं नव्हतं. तो आपला आपणच चालला होता, कुरडया सोडून डोक्यावर येणाऱ्या कावळ्यासारखा.

अश्विनने तो अंगठा पाहिला, आणि मग त्याला रडू आलं. आधी नाकातून, मग घशातून, मग ते त्याच्या हातात राहिलं नाही.

"आई, रडताहेत," आतून वहिनी म्हणाली.

"खरं का तोंडदेखलं?"

"नाक ओढताहेत."

"मग खरं."

दार उघडलं. आत्या बाहेर आली, त्याच्याजवळ उभी राहिली आणि तिने त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. त्याच्या डोक्यावरून तिचा हात फिरत होता. हाताला बडीशेपेचा वास होता. चुलीचा नव्हता. "झालं, झालं," ती म्हणाली. "गेली पीडा. हाय मी. पूस डोळे."

आपण कशासाठी रडलो हे तिला सांगावं असं अश्विनला फार वाटलं. एकदा खरं बोलून झालं होतं. दुसऱ्यांदा बोलायला जी काही ताकद लागते ती त्याने स्वतःत शोधली. सापडली नाही. आत्याच्या पोटात श्वास वर-खाली होत होता आणि ती निश्चिंत झाली होती. कावळ्याला काय, रडणं पोहोचल्याशी मतलब, तो कुठं कारण विचारतो, असं मनाशी म्हणून त्याने तोंड पुसलं. पण हे कावळ्याचं झालं. आत्याचं राहिलंच.

जेवणं झाली. पुस्तक शोकेसमध्ये गेलं, पण ते उभं राहीना. वाफेने फुगलेलं पान त्याला पुन्हा पुन्हा उघडायला लावत होतं. शेवटी आत्याने दोन्ही ससे परत वर आणले आणि पुस्तकाच्या एकेका बाजूला लावून ते घट्ट बसवलं.

"दुसरी आवृत्ती निघाली तर ते पान काढतो, आत्या," निघताना अश्विन म्हणाला.

"राहू दे." आत्या त्याच्यासाठी डब्यात कुरडया भरत होती. "आज ना उद्या बरोबर ठरंलच. परत लिहायचा ताप कशाला तुला?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याने तो शोधला, सापडला असता तर बरं झालं असतं. "ते ओव्यांचं तेवढं काढ. बचत गटात कुणीतरी म्हणायला लावंल."

अश्विनने अंगणातच हेल्मेट घातलं. वर विजेच्या तारेवर एक कावळा बसला होता.

दोन्ही बाजूंना बागा मागे पडत होत्या. ते वाक्य त्याने लिहिलं नव्हतं, हे एक बरं केलं होतं. आता ते विसरायचं होतं. विसरण्यासाठी त्याने हेल्मेटच्या आत एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणायला सुरुवात केली, कारण तो त्याला कधीच नीट येत नव्हता आणि त्यात डोकं गुंतून राहील असं वाटलं. आत्याने तो त्याच्याकडून गच्चीवर बसवून पाठ करून घेतला होता, हे त्याला एकोणतीस पंचेला आठवलं. काठी तीच असावी.

नाशिकच्या वेशीवरचं म्हसरूळ आलं तेव्हा त्याचा पाढा चुकलेला होता आणि दुसरं वाक्य तयार होतं.